मानेतल्या इजेनंतरचं हृदय : यवतमाळ जिल्ह्यातलं एक प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ३४, यवतमाळ जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी. नाव-गाव देत नाही. दोन वर्षांपूर्वी कापसानं भरलेली बंडी जिनिंगकडे नेताना बैल बुजले आणि तो वरून डोक्यावर आदळला. मानेचा सहावा मणका सातव्यावर सरकला. योजनेतून नागपुरात ऑपरेशन झालं, मणके जोडले गेले, पण मज्जारज्जूची इजा पूर्ण होती. आज त्याची पातळी सी-७ (मानेतली सातवी), प्रत ‘ए’ (पूर्ण इजा). म्हणजे खांदे, कोपर आणि मनगट चालतं, बोटांची पकड कच्ची, छातीपासून खाली ना हालचाल ना संवेदना. लघवीला कायमची फॉली नळी. घरात बायको, दोन लहान मुलं आणि म्हातारी आई.

मे महिन्यात बायको त्याला घेऊन आली तेव्हा तक्रार तिनंच सांगितली. “दिवसा बसवलं का यायच्या डोयापुढं अंधारी येते, अन् रातच्याला डोकं फुटल्यावानी दुखते. हे एकच दुखनं हाय का दोन?” इतका नेमका प्रश्न रेफर करणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीतही क्वचित असतो. पुढचं सगळं या प्रश्नाभोवतीच आहे.

सोबतच्या प्लास्टिकच्या पिशवीत दोन कागद महत्त्वाचे होते. एक इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट, खाली ‘नॉर्मल’ असा शेरा. दुसरी एका खासगी दवाखान्याची चिठ्ठी : बीपी १५०/९४, रोज सकाळी बीपी कमी करायची एक गोळी. ही गोळी तीन आठवड्यांपासून चालू होती. चक्कर आधीही यायची, पण गोळी सुरू झाल्यावर व्हीलचेअरवर दहा मिनिटंही बसवेना.

आम्ही आडवं झोपवून बीपी घेतला : ९२/५८, नाडी ६२. मग पाठ हळूहळू उभी केली, पाय खाली सोडले. तीन मिनिटांत ७०/४४, नाडी ८४, ओठ फिके, “दिसत नाही” म्हणाला. पुन्हा आडवा केल्यावर मिनिटभरात सावरला. उभं किंवा बसतं केल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला, तर त्याला स्थितीजन्य रक्तदाबघट म्हणतात. इथं वरचा २२ नं आणि खालचा १४ नं उतरला, तोही मुळातच ९२ असलेल्या माणसात.

याचं कारण हृदयात नाही, मानेत आहे. हृदयाचा वेग आणि जोर वाढवणाऱ्या सिम्पथेटिक नसा मज्जारज्जूच्या छातीतल्या वरच्या भागातून, साधारण टी-१ ते टी-५ मधून निघतात. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसा टी-१ पासून कमरेतल्या एल-२ पर्यंत पसरलेल्या असतात. या सगळ्यांना मेंदूचा हुकूम मानेतूनच खाली जातो. सी-७ ला वाट तुटली की एकही हुकूम पोचत नाही. हृदय मंद करणारी व्हेगस नस मात्र मेंदूच्या देठातून थेट निघते, मज्जारज्जूच्या वाटेनं जातच नाही, म्हणून ती शाबूत राहते. बसवल्यावर नाडी ६२ वरून ८४ झाली ती व्हेगसनं आपला दाब सैल केल्यामुळे. त्यापलीकडे वेग वाढवायला कुणी उरलेलं नाही. मानेतली इजा पूर्ण असेल तर कितीही दम लागला तरी नाडी बहुधा १०० ते १३० च्या दरम्यान अडते.

व्हेगसचा हा वरचष्मा ईसीजीतही दिसतो. याच्या ईसीजीत काही ठिकाणी रेषेचा ‘एसटी’ हा भाग थोडा वर उचललेला होता. वरच्या पातळीच्या इजेत हे आढळतं आणि तो दर वेळी हार्ट अटॅक नसतो. म्हणून अशा माणसाचा ठीक असतानाचा एक ईसीजी घरात जपून ठेवायला सांगतो, पुढे कधी तुलना करायची वेळ आली तर तोच उपयोगी पडतो.

आता तो ‘नॉर्मल’ इको. मी आकडे पुन्हा वाचले आणि मशीनवर स्वतः पुन्हा मोजले. डाव्या कप्प्याचा आतला व्यास ३.९ सेंमी. भिंती ०.८ आणि ०.७ सेंमी. पूर्ण भरल्यावर कप्प्यात ७८ मिली रक्त, आकुंचनानंतर ३० मिली उरतं, म्हणजे ईएफ ६२ टक्के. प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्त ४८ मिली. भिंतींवरून काढलेलं स्नायूचं वजन सुमारे ८२ ग्रॅम, शरीराच्या क्षेत्रफळाच्या हिशेबात दर चौरस मीटरला ५३. पुरुषांसाठीची प्रचलित मर्यादा ४९ ते ११५ आहे. म्हणजे शेरा खोटा नाही, पण बहुतेक आकडे मर्यादेच्या तळाशी चिकटलेले आहेत. हा माणूस दोन वर्षांपूर्वी कापसाची गाठोडी पाठीवर घेऊन बंडीत चढवत होता. त्या काळातला इको कुणी काढलेला नाही, त्यामुळे त्याचं हृदय नेमकं किती आकसलं हे सिद्ध करता येणार नाही. पण मानेच्या पातळीवरच्या इजेत हेच चित्र वारंवार दिसतं : डावा कप्पा लहान, स्नायूचं वजन कमी, ठोक्यामागचं रक्त कमी, आणि ईएफ मात्र बहुधा जागच्या जागी.

ईएफवर बोट ठेवून निर्धास्त होण्याची आपली सवय इथं फसते. ईएफ म्हणजे भरलेल्यापैकी किती टक्के बाहेर फेकलं ते. मुळात किती भरलं, हे तो सांगत नाही. मोटारपंप नीट आहे, पण विहिरीतच पाणी कमी आहे. तेव्हा पंपाची तपासणी करून शेतकऱ्याला ‘सगळं ठीक’ म्हणून परत पाठवण्यात अर्थ नसतो.

विहीर आटते कशी? चालताना पोटऱ्यांचे स्नायू शिरांतलं रक्त वर ढकलतात, ते बंद पडलं. शिरांना आवळून धरणारा ताण गेला, रक्त पायांत आणि पोटात साचतं. रक्तातला पाण्याचा अंशही कमी होतो. त्यामुळे हृदयाकडे परत येणारं रक्त घटतं. दुसरीकडे धमन्यांतला दाब कायमच कमी, म्हणून रक्त ढकलायला जोरही कमी लागतो. हृदयाचा स्नायू दंडाच्या स्नायूसारखाच कामाप्रमाणे वाढतो आणि बिनकामाचा आकसतो. मज्जारज्जूला इजा नसलेल्या धडधाकट स्वयंसेवकांना ६ आठवडे नुसतं अंथरुणावर ठेवलं तरी डाव्या कप्प्याचं वजन सुमारे ८ टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. त्यात सिम्पथेटिक नसांची हाक बंद झाली की भर पडते. उंदरांमध्ये छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जू तोडून केलेल्या प्रयोगांत हृदयाची दाब निर्माण करण्याची ताकद घटलेली दिसली आहे.

सगळ्याच मज्जारज्जू-रुग्णांचं असं होत नाही, हे इथंच सांगून टाकतो. कमरेच्या पातळीवर इजा असलेल्या माणसाच्या हृदयाच्या नसा शाबूत असतात, तो हातांनी जोरात व्हीलचेअर हाणतो, त्याची नाडी नेहमीसारखी वाढते. त्याच्या हृदयाची रचना बरीचशी टिकून राहते. ‘पॅराप्लेजिया’ (फक्त पाय गेलेले) आणि ‘क्वाड्रिप्लेजिया’ (हातपाय दोन्हींवर परिणाम) हे दोन्ही कागदावर ‘मणक्याचा पेशंट’ म्हणून एकत्र येतात, हृदयाच्या दृष्टीनं मात्र ते वेगळे पेशंट आहेत. चिठ्ठीवर इजेची पातळी लिहिली नसेल तर ती विचारून घ्यावी.

रात्रीच्या डोकेदुखीकडे येतो. गावातल्या आशाताईंनी बायकोला डिजिटल मशीनवर बीपी घ्यायला शिकवलं होतं, आणि तिनं मुलाच्या जुन्या वहीत नोंदी ठेवल्या होत्या. दिवसाचे आकडे ८५ ते ९५ च्या घरातले. मग एका रात्री : दोन वाजून गेले, १५८/९६, नाडी ४६. बाजूला लिहिलं होतं, “कपायाले घाम, छातीवर काटा, डोकं लय दुखते.” अशा नोंदी अनेक होत्या आणि जवळजवळ सगळ्या रात्री दोन-अडीचच्या.

मी विचारलं, “ताई, दोनच्या सुमाराला तुम्ही काय करता?” ती म्हणाली, कूस बदलते. पाठीला जखम होऊ नये म्हणून नियमानं उठून त्याला डावीकडे वळवते. आणि युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, खाटेच्या कोणत्या बाजूला बांधलेली असते? उजवीकडे. डावीकडे वळवलं की नळी मांडीखाली दबते. लघवी तुंबते, मूत्राशय फुगतं.

पुढची साखळी अशी. फुगलेल्या मूत्राशयाचा संदेश मज्जारज्जूत शिरतो, पण मानेतली वाट बंद असल्यामुळे मेंदूपर्यंत पोचत नाही. त्याला काही जाणवत नाही. मात्र इजेच्या खालचा मज्जारज्जू जिवंत असतो, तो त्या संदेशाला परस्पर उत्तर देतो आणि खालच्या सगळ्या रक्तवाहिन्या एकदम आवळतो. बीपी उसळतो. मानेतले दाब मोजणारे भाग मेंदूला खबर देतात, मेंदू वाहिन्या सैल करायचा हुकूम सोडतो, तोही मानेत अडतो. मेंदूच्या हाती उरते ती फक्त व्हेगस, म्हणून नाडी ४६. इजेच्या वरचा भाग घामेजतो आणि लाल होतो, खाली काटा येतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात, आणि तो टी-६ किंवा त्यावरच्या इजेत होतो, कारण पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यावरचा ताबा त्याच पातळीच्या आसपास सुटतो. नेहमीच्या वरच्या आकड्यापेक्षा २० ते ४० नं चढ झाला तरी तो धरायचा असतो. वेळेत कारण काढलं नाही तर फिट येऊ शकते, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

आता दवाखान्यातला तो १५०/९४. खुर्चीत बसलेल्या इतर कुणाचा हा आकडा असता तर ‘थोडा जास्त, मीठ कमी करा’ एवढंच झालं असतं. ९२ च्या माणसात तो आणीबाणीचा आकडा होता. तिथं हवी होती ती नळीची तपासणी. दिली गेली रोजची गोळी. त्या गोळीनं रात्रीची उसळी थांबली नाही, कारण तिचं मूळ मांडीखाली होतं. दिवसाचा उरलासुरला दाब मात्र तिनं आणखी खाली नेला. गोळी त्याच दिवशी बंद केली.

आणि बायकोच्या प्रश्नाचं उत्तर : दुखणं एकच. दिवसा रक्त खाली साचतं, मेंदूला पुरत नाही. रात्री आडवं झाल्यावर तेच साचलेलं पाणी परत फिरतं, मूत्रपिंडांकडे जादा रक्त जातं आणि अशा लोकांत रात्री लघवी जास्त तयार होते. म्हणून दिवसा तुंबलेली नळी तासभर खपून जाते, रात्री लवकर उसळते. गंमत म्हणजे दिवसा जे त्याला चक्कर आणतं, ते रात्रीच्या उसळीवरचं पहिलं औषध आहे : उठवून बसवणं, पाय खाली सोडणं. हे तिला सांगितलं तेव्हा ती आधी हसली. “म्हंजे दिवसा झोपवा अन् रातच्याला बसवा?” बरोबर तेच.

घरच्यांसाठी एक कार्ड मराठीत लिहून त्याच्या दोन प्रती दिल्या, एक खाटेच्या वर चिकटवायला, एक १०८ च्या अँब्युलन्सवाल्यांना आणि कुठल्याही डॉक्टरांना दाखवायला. त्यावर पहिली ओळ : ‘या माणसाचा नेहमीचा बीपी ९०/६० आहे.’ मग क्रम. बसवा. कमरेचा पट्टा, कपडे, मोजे सैल करा. नळीला पीळ, दाब, गाठ आहे का पाहा. बॅगेत थेंब पडत नसेल तर नळी बदला. मूत्राशय मोकळं असूनही बीपी उतरला नाही तर गुदद्वारात सुन्न करणारी जेली लावून थोडं थांबा, मग शौच अडकली आहे का तपासा; जेलीशिवाय बोट घातलं तर उसळी वाढते. जखम, रुतलेलं नख, चादरीखालचं बूच पाहा. बीपी दर पाच मिनिटांनी घ्या. वरचा आकडा १५० च्या वर टिकला तर डॉक्टरांनी जलद उतरवणारं औषध द्यावं, पण लैंगिक ताकदीची गोळी गेल्या २४ तासांत (टॅडालाफिल असेल तर ४८ तासांत) घेतली असेल तर नायट्रेट वर्ज्य. ही शेवटची ओळ लिहिताना तो खिडकीबाहेर पाहत होता. तरुण आहे, लग्न झालेलं आहे, प्रश्न येणारच. विचारायची वेळ त्याच्यावर येऊ नये म्हणून लिहून टाकली.

नळी त्याच दिवशी मांडीच्या वरून घेऊन चिकटवली आणि बॅग वळवायच्या बाजूला बांधायला शिकवली. पुढच्या पंधरवड्यात वहीत रात्रीची एकच उसळी नोंदली गेली, तीही शौच अडकल्याची.

खरा पेच नळीचाच आहे. पुस्तकी उत्तर म्हणजे दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळी घालून लघवी काढायची, कायमची नळी काढून टाकायची. त्याच्या बोटांना ते एकट्यानं जमत नाही. बायको करू शकते, पण निंदण आणि वेचणीच्या दिवसांत ती सकाळी जाते ती सांजेलाच येते, आणि तिची मजुरी हेच आता घराचं नगद उत्पन्न आहे. सासूला दिसत कमी. मग तो काय करतो? पाणीच कमी पितो. विदर्भातला मे, ४५ अंशांच्या पुढचा पारा, टिनाचं छप्पर, आणि ज्याच्या छातीखाली घामच येत नाही असा माणूस पाणी तोडतो. शरीर तापतं, रक्त आटतं, आधीच लहान असलेला कप्पा आणखी कमी भरतो. अशा हृदयाला भरपाई करायला दुसरी वाट नाही, कारण नाडी वाढवून वेळ मारून न्यायची सोय उरलेली नाही. म्हणून उन्हाळ्यापुरती कायमची नळीच ठेवली आणि पाण्याचा हिशेब धरला : दिवसभर थोडं थोडं, संध्याकाळनंतर कमी. अंगावर ओला पंचा, वीज गेली की आजीनं पंपानं पाणी फवारायचं. तो फवारणीचा पंप नवा, औषध कधीही न भरलेला असावा हे बजावून सांगितलं. शेतकऱ्याच्या घरी हे सांगावंच लागतं.

दिवसाच्या चक्करवर साधे उपाय आधी केले. उठवण्यापूर्वी पोटपट्टा, पायांना क्रेप बँडेज, खाटेचं डोकं टप्प्याटप्प्यानं वर. जेवण एका वेळी पोटभर नको, कारण जेवणानंतर रक्त पोटाकडे जाऊन दाब आणखी उतरतो. दोन भाकरी एकदम खाण्याऐवजी चार वेळा थोडं. मीठ नेहमीपेक्षा जास्त. याउपर बीपी वाढवणारी मिडोड्रिनची गोळी, २.५ मिग्रॅ सकाळी आणि दुपारी, पुढे ५ पर्यंत. शेवटची मात्रा आडवं व्हायच्या किमान चार तास आधी, नाहीतर झोपल्यावर बीपी चढतो. गोळी तालुक्याच्या दुकानात मिळेना, यवतमाळहून मागवावी लागते.

व्यायामाबद्दल मी सुरुवातीला फारसा आशावादी नव्हतो. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात मज्जारज्जू-रुग्णांसाठी आठवड्यातून दोनदा किमान २० मिनिटं दम लागेल असा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम सुचवला आहे. चयापचय सुधारायचा तर तीनदा ३० मिनिटं. त्यासाठी हातानं फिरवायचं यंत्र लागतं. त्याच्या भावानं जुन्या सायकलचं पायडल आणि चेन एका लाकडी चौकटीवर बसवली, मुठींना सुती पट्टे लावले, चौकट ओट्याला बांधली. काम झालं. नाडीचं लक्ष्य इथं निरुपयोगी, ती ११२ च्या वर जातच नाही. म्हणून निकष असा : बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. व्यायामाआधी नळी मोकळी आहे का ते पाहणं अनिवार्य.

हातांच्या व्यायामानं डावा कप्पा वाढतो का? विजेच्या झटक्यांनी पाय चालवून पायडल मारायला लावलं तर मानेची इजा असलेल्या लोकांतही डाव्या कप्प्याचं वजन वाढू शकतं, हे १९९१ मध्ये एका लहान गटात दाखवलं गेलं. तिथं पायांचे मोठे स्नायू रक्त परत ढकलतात, हा त्यातला कळीचा भाग. नुसत्या हातांकडून तेवढ्याची अपेक्षा धरू नये. त्याचा सप्टेंबरातला इको मी मुद्दाम त्याच मशीनवर केला. भरल्यावरचं रक्त ७८ वरून ८१ मिली. हा फरक मोजणीच्या चुकीतच बसतो आणि ‘हृदय वाढलं’ असं मी कुणालाही सांगितलं नाही. बदललं ते वेगळं : बसवल्यावर बीपी आता ८२ च्या खाली जात नाही, आणि तो सलग दीड-दोन तास व्हीलचेअरवर बसून मुलांचा अभ्यास घेतो.

एका गोष्टीवर त्याचं माझं अजून जमलेलं नाही : खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. अंथरुणाला खिळल्यापासून खर्रा वाढला आहे, दुसरं करमणुकीचं काही नाही म्हणतो. वजन ५२ किलो, त्यामुळे त्याला वाटतं हृदयरोग जाड्या लोकांना होतो. पण एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, फक्त २९ आहे आणि स्नायू जाऊन पोटावर चरबी आली आहे. जुन्या मज्जारज्जू-रुग्णांच्या मृत्यूंत हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार आघाडीवर आहेत. त्यात हृदयाच्या वेदना वाहणाऱ्या नसा छातीतल्या वरच्या भागातून मज्जारज्जूत शिरतात, म्हणजे त्याच्या इजेच्या खाली. उद्या धमनी बंद पडली तर छातीत कळ येईलच असं नाही. जबडा दुखेल, विनाकारण दम लागेल, पाय जास्त आखडतील, किंवा नळी मोकळी असूनही डिसरिफ्लेक्सिया होईल. कार्डाच्या मागच्या बाजूला हे लिहून दिलं आहे. खर्रा दिवसाला निम्म्यावर आणल्याचं तो सांगतो. बायको मान हलवते, होकारार्थी की नकारार्थी ते कळत नाही.

दसऱ्यानंतर वेचणी सुरू होईल आणि बायको दिवसभर शेतात असेल. बेंबीखालून मूत्राशयात नळी बसवण्याचा पर्याय दोघांपुढे ठेवला आहे. मूत्रमार्गाला जखम होणार नाही, मांडीखाली दबण्याचा धोका कमी होईल, मात्र नळी ठरावीक मुदतीनं बदलावीच लागेल. तिची अट एकच : बदलायला तालुक्याच्या पुढे जावं लागू नये, एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि ऑटोभाडं. तालुक्याच्या रुग्णालयातल्या सिस्टरना ते शिकवायचं बोलणं चालू आहे.